सरकारी शिट्टी आणि आमचं बंधू मंडळ

मी एकदा यवतमाळच्या पोलीस मैदानावर, खऱ्याखुऱ्या पोलिसांच्या देखत, नवऱ्याची सरकारी शिट्टी फुंकून भरतीची दौड सुरू करून दिली होती. तसा अधिकार मला कोणी दिला नव्हता. मी पोलीस नव्हते, पोलिसाची बायको होते. पण त्या वयात या दोन्हींत फार फरक आहे असं मला वाटत नसे. आज शिट्टी तोंडात धरली तर आधी दात बाहेर येतील. तेव्हाची मी मात्र चाळिशीची, अंगाने भरलेली, आवाज असा की मी पोलीस लाईनीच्या एका टोकाला दूधवाल्याला हाक मारली की दुसऱ्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. ठाणेदार बदलून जात, मी तिथेच असे. त्यामुळे ठाणं मीच चालवते अशी माझी पक्की समजूत होती.

आम्ही दिग्रसला पोलीस लाईनीत राहत होतो. कापसाचे ते वाईट दिवस. कापूस वेचून घरात यायचा आणि घरातच बसायचा. खरेदी केंद्र उघडलं की बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागे. लोक गाडीखालीच झोपत, गाडीखालीच चूल मांडत. माप कधी, भाव किती, ओल किती यावरून रोज तोंडातोंडी, आणि ती आवरायला आमच्या लाईनीतले पुरुष. गंमत अशी की लाईनीतल्या बहुतेक घरांचा कापूसही त्याच रांगेत असे. आमच्या ह्यांनी एकदा रांग मोडली म्हणून स्वतःच्या मामेभावाला गाडीसकट मागे लावलं. मामेभाऊ त्या दिवाळीला जेवायला आला नाही.

पोलिसांना युनियन करता येत नाही. मोर्चा काढता येत नाही, घोषणा देता येत नाहीत. दुसऱ्यांच्या घोषणा तेवढ्या उन्हात उभं राहून ऐकायच्या. म्हणून आमच्याकडे होतं बंधू मंडळ. कोणी आजारी पडलं, कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, कोणाची बदली झाली आणि सामान ट्रकात चढवायचं आहे, की मंडळ हजर. एक निवृत्त जमादार त्याचे अध्यक्ष. सगळे त्यांना जमादार दादा म्हणत. बायकांना मंडळात जागा नव्हती, फक्त काम होतं. मी स्वतःच स्वतःला महिला शाखेची अध्यक्ष करून टाकलं. ही शाखा कागदावर कुठेच नव्हती, पण मी सत्यनारायणाला पुढच्या सतरंजीवर बसायचे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक तरुण शिपाई राहायचा. बंजारा समाजाचा, जवळच्याच तांड्यावरचा. बायको, दोन लहान मुलं. तोंडाने अबोल, पण गाडीवाले त्याला मानत, कारण तो त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय गाडी हलवायला सांगत नसे. एका दुपारी जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली. कापसाची आग वरवर भुर्रकन पेटते, विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. आवारात गाड्या एकमेकींत अडकलेल्या, बैल जुंपलेले. त्याची ड्यूटी फाटकावर होती. तो आत शिरला, बैलांचे दोर कापले, माणसं बाहेर हाकलली. एक म्हातारा तापाने फणफणून गाडीखाली पडला होता, त्याला पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं. मग कोणीतरी ओरडलं की अजून एक जण तिकडे झोपलेला दिसतो आहे. तो परत गेला आणि गंजी खचली. तिथे माणूस नव्हता, घोंगडी होती.

त्याला आणलं तेव्हा लाईनीत इतके गाडीवाले जमले की वर्दीवाल्यांना खांदा द्यायला जागा मिळेना. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहीन.

पुढे मंडळाची बैठक भरली, लाईनीतल्या मारुतीच्या ओट्यावर. पुरुष पुढे, बायका मागे. त्याचा सन्मान कसा करायचा यावर बोलणं चाललं. कोणी म्हणालं मोठा फोटो करू, कोणी म्हणालं ठाण्याच्या आवारात नावाचा दगड बसवू. सगळ्यांना पटलं. जमादार दादांनी घसा साफ केला आणि मागे बसलेल्या त्याच्या बायकोला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं हाये?"

तिने पदर सावरला आणि ती उभी राहिली. "फोटो लावा, दगड लावा, मले चांगलंच वाटन. पण उद्या खोली खाली करा लागली तं मी पोट्टे घेऊन दगडापाशी झोपू का? मले त्याहीच्या जागेवर लावा."

लाईनीतली सरकारी खोली सोडावी लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जागी नवीन आलेला शिपाई बायको-पोरांसह गावात कुठेतरी एका कोठीत दिवस काढत होता. तांड्यावर शाळा चौथीपर्यंत. तिला अनुकंपेवर घ्यायला साहेब तयार होते, पण शिपाई म्हणून लागायचं तर मैदानी परीक्षा द्यावी लागणार होती: पळणं, उडी, गोळाफेक. नाहीतर कचेरीत जागा निघेल तेव्हा निघेल.

"पळता येते का?" दादांनी विचारलं.

"बकऱ्याइच्या मांगं पळली. यष्टी पकडाले पळली. पोलिसावानी नाई पळली कधी."

आणि मागून एक आवाज आला, "मी शिकवतो न तिले!"

तो माझा आवाज होता. मी! जी उतू चाललेल्या दुधासाठीही कधी धावली नव्हती.

आमच्या ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, "तुले मैदानाचा म माहीत हाये का?"

"तुमाले तरी कुठं होता? ढेरी पाहा जरा. तुमी सांगा, मी शिकवतो. अन् तुमची शिट्टी द्या."

"शिट्टी सरकारी हाये."

"मंग मी काय पाकिस्तानची हाव का?"

शिट्टी मिळाली. पांढऱ्या दोरीची, पितळी. रोज त्यांच्या खिशाला लावण्याआधी ती पहाटे माझ्या गळ्यात असे.

लाईनीमागच्या शाळेच्या मैदानावर आमचं सुरू झालं. पहिल्या दिवशी ती नऊवारीसारखा काचा मारून आली आणि निम्म्या फेरीत काचा सुटला. शेजारची भाभी, ड्रायव्हर शिपायाची बायको, शिवणकाम करायची. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, साडीत पळशीन तं साहेबापेक्षा जमिनीलेच पयले सलाम ठोकशीन. रुक, मैं देखती." तिने नवऱ्याची जुनी खाकी पँट उसवून हिच्या मापाची करून दिली. ती घालून ही बाहेर यायलाच तयार नाही. दाराआडून म्हणते, "काकू, लोकं पाह्यतीन."

"पाहू दे. वर्दी घातल्यावर काय डोळे मिटून घेतीन का?"

बूट मिळेनात. आमच्या ह्यांचे कॅनव्हासचे बूट तिला मोठे होत होते, म्हणून पंजाशी कापूस ठासला. बाजारात कापसाला कोणी विचारत नव्हतं, बुटात कामी आला. गोळाफेकीला गोळा नव्हता. मी डोकं चालवलं आणि वरवंटा दिला. तिने पहिल्याच दिवशी असा फेकला की भाभीच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गेलं. कोंबड्या तीन गल्ल्यांत पळाल्या आणि भाभी त्यांच्यामागे. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांत चांगलं भाभीच पळाली.

पळण्याचा मी एक कायदा केला होता. एक लांब शिट्टी म्हणजे सूट. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे थांब. मधे कोणी काही बोंबललं तरी थांबायचं नाही. कारण असं की शाळेच्या भिंतीवर रिकामटेकडे येऊन बसत आणि ओरडत, "बाई, यष्टी गेली वो! आता कायले पळता?" सुरुवातीला ती लाजून थांबायची, तोंड पदराने झाकायला जायची, आणि पदर तर नसायचाच. म्हणून मी तिला बजावलं, "माणसाचं ऐकायचं नाई. शिट्टीचं ऐकायचं." इतकी हुशारी मी त्याआधी कधी केली नव्हती आणि ती मला कशी भोवणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

एक दिवस मात्र ती मैदानाच्या मधोमध खाली बसली. शिट्टी वाजवली, उठेना. मी धापा टाकत गेले.

"काकू, नाई होत माह्याच्यानं."

मी मोठं भाषण करायच्या तयारीत होते. पण तिनेच पुढे विचारलं, "काकू, तांड्यावर गेली तं पोरगी माह्या याडीसंगं, मायसंगं, ऊसतोडीले जाईन. आजीच्या हाताखाली लागली की शाळा गेली. नाई का?"

"हो," मी म्हणाले. खोटं काय बोलणार?

ती उठली. आमच्या मैदानाची ती फेरी तिने पुरी केली, आणि त्यानंतर मधे कधी बसली नाही. हळूहळू असं झालं की पहाटे सगळी लाईन मैदानाच्या कडेला. कोणी तिच्या मुलांना आंघोळ घाली, कोणी गूळ-शेंगदाणे घेऊन उभं. रात्रपाळी करून आलेले शिपाई सायकल भिंतीला टेकवून सांगत, हात असे ठेव, श्वास नाकाने घे. जमादार दादा खुर्ची टाकून बसत आणि मुंडी हलवत. मंडळाने दगड बसवायचं काम मागे ठेवलं होतं. दादा म्हणत, "दगड कुठं पळून जात नाई. हिचं आधी."

मैदानी परीक्षेचा दिवस आला. मंडळाने जीप ठरवली. तीत ती, मी, भाभी, दादा आणि आमचे हे. यवतमाळला मैदानावर पोहोचलो तेव्हा बायकांची पहिली तुकडी रेघेवर उभी राहत होती आणि त्यातच हिचा नंबर. घरचे लोक जाळीबाहेर. मी जाळीला नाक लावून उभी, आणि गळ्यात, पदराखाली, शिट्टी. ती का आणली होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. सवय, दुसरं काय.

मैदानावर एक राखीव निरीक्षक, भरघोस मिशांचे, हातात छडी. रेघेजवळ एक हवालदार शिट्टी घेऊन, दुसरा घड्याळ घेऊन. बायका वाकून तयार. आणि शिट्टीवाला हवालदार काही शिट्टी वाजवेना. तो घड्याळवाल्याशी बोलत होता. मी इकडे कासावीस. आमच्या पोरीचे पाय कधीचे वाकलेले. मी पुटपुटले, "अरे वाजव न बाप्पा! झोपला काय?" आणि माझा हात पदराखाली गेला. पुढचं मला आठवतं ते एवढंच की एक लांब, खणखणीत शिट्टी वाजली आणि ती माझ्याच तोंडातून वाजली.

सगळ्या बायका सुटल्या.

"थांबा! ए, थांबा! कोणी वाजवली?" निरीक्षकांनी छडी उगारली. हवालदार ओरडत मागे धावले. बाकीच्या बायका दहा-वीस पावलांवर थबकल्या, मागे वळल्या. आमची मात्र सुसाट. हवालदार ओरडतो आहे, सगळं मैदान ओरडतं आहे, आणि ती मान खाली घालून, हात बरोबर दादांनी सांगितले तसे ठेवून, एकटीच पळते आहे. माणसाचं ऐकायचं नाही. शिट्टीचं ऐकायचं.

पहिलं वळण गेलं. ती अशीच पुरी दौड पळाली तर खऱ्या दौडीला पायांत काय उरणार? तिला थांबवायचा एकच मार्ग होता, आणि तो माझ्या मुठीत होता. पण शिट्टी फुंकली की सगळ्यांना कळणार. शेजारी आमचे हे उभे, ज्यांच्या नावावर ती शिट्टी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरले होते ते, पण हळूच म्हणाले, "वाजव."

मी दोन आखूड शिट्ट्या दिल्या. ती जागच्या जागी थांबली, जशी आमच्या मैदानावर थांबायची तशी. आणि सबंध पोलीस मैदानाने माझ्याकडे तोंड केलं.

निरीक्षक जाळीपाशी आले. "कोण तुम्ही?"

एरवी मी सांगितलं असतं, महिला शाखेची अध्यक्ष. त्या वेळी तोंडातून निघालं, "शेजारीण हाव साहेब तिची."

"शिट्टी कोणाची?"

"माझी, सर," आमचे हे टाचा जुळवून म्हणाले. साध्या कपड्यात, ढेरीसकट, खाडकन सलाम ठोकला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तो माणूस असा ताठ उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता. खरं सांगते, घाबरलेली असूनही मला तो देखणा वाटला.

जमादार दादांनी पुढे होऊन थोडक्यात सांगितलं: ही कोण, हिचा नवरा कसा गेला, लाईनीने हिला कशी तयार केली. निरीक्षकांनी ऐकून घेतलं. रागावलेला माणूस मिशा चावतो तशा ते मिशा चावत होते. मग जाळीतून हात काढून शिट्टी घेतली, खिशात टाकली आणि मैदानाकडे वळले. ती तोवर रेघेवर परत आली होती, छाती भात्यासारखी हलत होती.

"दौड नव्याने होईल," ते म्हणाले. "बाई, तुम्ही जास्त पळाल्या. शेवटच्या तुकडीत पळा. तोवर बसा सावलीत."

जाळीबाहेर आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. आणि ही बया काय म्हणाली?

"नाई साहेब. आताच पळतो. बसली तं पाय थंडे होतीन."

"विचार करा."

"केला."

मी जाळी अशी धरली होती की बोटांवर वळ उठले. भाभी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. या खेपेला हवालदाराने शिट्टी वेळेवर वाजवली. ती सुरुवातीला मागे पडली. पहिल्या वळणावर शेवटून दुसरी. मला वाटलं, संपलं, माझ्या एका शिट्टीने या पोरीची खोली गेली, तिच्या लेकीची शाळा गेली. ओरडावंसं वाटलं, पण माझं ऐकायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं. दुसऱ्या फेरीत तिने एकीला मागे टाकलं. मग आणखी एकीला. शेवटच्या सरळ पट्ट्यावर ती खाकी पँट, ते कापूस ठासलेले बूट. बूट काही सुंदर पडत नव्हते, पण पडत होते. तिने रेघ ओलांडली आणि आडवी झाली. घड्याळवाल्या हवालदाराने निरीक्षकांना घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं, आणि जाळीकडे न बघता मान खाली-वर केली.

जमादार दादा त्यांच्या वयाला न शोभेल असे नाचले. भाभी आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. त्यानंतर उडीत ती निभावून गेली, आणि गोळा तर असा फेकला की मोजणारा मागे सरकला. भाभी म्हणाली, "मेरे खुराडे की बरकत है."

आमच्या ह्यांना शिक्षा झाली. काही दिवस जादा परेड. रोज घामाने निथळत येत आणि म्हणत, "तुह्या शिट्टीनं माही ढेरी उतरवली." मी म्हणे, "मंग सरकारचा फायदाच झाला."

ती ट्रेनिंगला गेली तेव्हा मुलं लाईनीतच राहिली, एक आठवडा या घरी, एक त्या घरी. बंधू मंडळाने तेवढं केलं आणि मग नावाचा दगडही बसवला, ठाण्याच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली. त्या दिवशी ती अजून ट्रेनिंगला होती. आगीतून पाठुंगळी आणलेला तो म्हातारा बैलगाडी जुंपून दगड पाहायला आला होता. दादांनी त्यालाच पहिलं फूल वाहायला लावलं. नियमाप्रमाणे तो मान साहेबांचा होता, पण साहेबच मागे सरले.

पुढच्या पोलीस स्मृतिदिनाला आम्ही सगळे पुन्हा यवतमाळला गेलो. बिगूल वाजला. जवानांनी बंदुका उलट्या करून मान खाली घातली. वर्षभरात कामावर असताना गेलेल्यांची नावं वाचायला सुरुवात झाली. एकेक नाव येत होतं, आणि मग त्याचं आलं, आमच्या शेजाऱ्याचं, बापाच्या नावासकट, गावासकट, माईकवरून, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं. आमची सबंध लाईन उभी होती. जमादार दादांनी जुनी मेडलं छातीवर लावली होती. मी उगाचच नाक वर करून इकडेतिकडे पाहत होते, जणू ते नाव मीच दिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर लोक फुलं वाहायला पुढे सरले. गर्दी आवरायला दोरी बांधली होती. दोरीपाशी कडक खाकीत, केस घट्ट बांधून, ती उभी होती. चेहऱ्यावर काही नाही. नजर समोर, हनुवटी वर. नवऱ्याचं नाव वाचलं गेलं तेव्हाही ती तिथेच, तशीच उभी होती हे माझ्या आता लक्षात आलं. मला राहवलं नाही. डोळ्यांतून पाणी, हातात फुलांचं तबक, मी दोरी वर उचलली आणि खालून वाकून तिच्याकडे निघाले. तिला कुशीत घ्यायचं होतं मला, सगळ्यांदेखत. ती एक पाऊल पुढे आली आणि तिने हात आडवा केला.

"काकू, दोरीच्या मांगं व्हा. डोळे मंग पुसजा, मी ड्यूटीवर हाव."